दसऱ्याला ग्रिलमधली बाग नव्याने लावायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कांदिवलीत चौथ्या मजल्यावर घर, हॉलला दक्षिणेकडे उघडणारी बॉक्स ग्रिल (खिडकीबाहेर पेटीसारखी काढलेली लोखंडी जाळी), त्यात वीसेक कुंड्या. पावसाळ्यात गुलाबाच्या नुसत्या काड्या उरल्या, तुळस गेली, कढीपत्ता पिवळा पडला, माती घट्ट होऊन वर हिरवा थर आला. परदेशी बागकामाच्या व्हिडिओंमध्ये सांगतात की शरद ऋतू म्हणजे नव्या लागवडीचा काळ. आपल्याकडे दसऱ्याचा मुहूर्त आहेच. तर सगळं काढून टाकून दसऱ्याला नवी माती, टोमॅटो, मेथी, शेवंती, झेंडू असं सगळं एकदम लावून टाकू का?

मी उपनगरांत लोकांच्या ग्रिल आणि सोसायट्यांच्या गच्च्या सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न गणपती गेले की फोनवर सुरू होतोच. दसऱ्याला सुरुवात जरूर करा, पण मातीपासून. रोपं त्या दिवशी आणू नका, आणि सगळं तर अजिबात टाकू नका. तुम्ही विचारलंय काय लावू, पण खरा प्रश्न आहे काय ठेवू आणि कधी लावू. पुढे जे लिहिते ते तुमच्या ग्रिलसमोर दुसरी इमारत किती जवळ आहे, वर पत्रा आहे की उघडं आहे, आणि दुपारी घरी पाणी घालायला कोणी असतं का, यावर थोडं बदलेल. ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आधी त्या व्हिडिओंचं. ते चूक सांगत नाहीत, फक्त त्यांच्या गावचं सांगतात. थंड देशांत सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा गार व्हायला लागते, पण उन्हाळाभर तापलेली जमीन अजून कोमट असते. झाडाचा वरचा भाग वाढ थांबवतो, पानांतून पाणी कमी उडतं, आणि खाली मुळं मात्र निवांत वाढत राहतात. म्हणून तिकडे झाडं-झुडपं, लसूण, फुलांचे कंद शरदात लावतात.

मुंबईत याच्या जवळपास उलटं होतं. ऑगस्टमध्ये ढगांमुळे दिवसाचं तापमान तिशीच्या आसपास असतं, ते ऑक्टोबरात ३३-३४ अंशांवर जातं आणि काही दिवस ३५ च्याही वर. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईतून मान्सून माघारी जायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. तो गेला की आकाश मोकळं होतं, सकाळी जमिनीवरून पूर्वेचा वारा येतो, समुद्रावरचा वारा उशिरा सुरू होतो, आणि ओल तर हवेत अजून असतेच. हीच आपली ऑक्टोबर हीट. आपल्याकडे या दिवसांत पानगळही नसते. बदाम, पिंपळ, सावर पानं टाकतात ती थंडी सरताना. म्हणजे ज्या आठवड्यात तुम्ही नर्सरीतलं कोवळं रोप आणून दक्षिणेच्या ग्रिलमध्ये ठेवणार, तो त्याच्यासाठी वर्षातल्या वाईट आठवड्यांपैकी एक असण्याची शक्यता बरीच.

शक्यता म्हणते, कारण दसरा दरवर्षी एकाच हवेत येत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला होता. एक पाऊस जाऊन गरमी ओसरायला लागतानाचा, दुसरा पाऊस अजून पुरता गेलेलाही नसतानाचा. तीन आठवड्यांचा फरक माणसाला कळत नाही, रोपाला कळतो. साडेतीन मुहूर्तांपैकी दोन शरदात पडतात, दसरा आणि दिवाळीचा पाडवा. माझ्या कामात मी या दोन्हींचा उपयोग करते: दसऱ्याला माती, पाडवा होऊन गेला की रोपं. दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला असेल तर पाडव्यानंतरही आठ-दहा दिवस थांबायला सांगते.

आता दक्षिणेच्या ग्रिलविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या बागेचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. म्हणजे मे अखेरीला तुमच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन येत नव्हतं. त्यात जूनपासून ढग, आणि नैर्ऋत्येचा वारा सगळा पाऊस तिरका आणून दक्षिण आणि पश्चिमेच्या ग्रिलमध्येच टाकतो. वर पत्रा असला तरी तो समोरून आत येतोच. ऊन नाही आणि पाणी सतत, यात गुलाब आणि तुळस गेली यात नवल नाही, तुमच्या हाताचाही दोष नाही.

पण २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समान झाले की सूर्य रोज थोडा दक्षिणेकडे कलतो. तेव्हा दुपारी बाराच्या सुमारास तो क्षितिजापासून साधारण ७१ अंश उंच असतो, २२ डिसेंबरपर्यंत ४८ अंशांच्या आसपास उतरतो. उतरता सूर्य छज्जाखालून, पत्र्याखालून सरळ आत येतो. जी ग्रिल जुलैत अंधारी होती तिच्यात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चार-पाच तास ऊन मिळू शकतं. दक्षिणेच्या ग्रिलसाठी नवं वर्ष खरोखर आत्ताच सुरू होतं. तुमची खिडकी उत्तरेची असती तर मी उलट सांगितलं असतं, की टोमॅटोचा नाद सोडा, पानांची झाडं ठेवा.

अडचण एकच, समोरची इमारत. सूर्य खाली उतरला की समोरचा टॉवर आडवा येतो, आणि हे प्रत्येक मजल्यावर वेगळं असतं. म्हणून खरेदीआधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता ग्रिलचे फोनवर फोटो काढा. ऊन कुठल्या कुंडीवर पडतं ते दिसेल. डिसेंबरात ते याहून आत येईल, समोर मोकळं असेल तर. चार तासांपेक्षा कमी ऊन मिळत असेल तर फळभाजी नको, पालेभाजी चालेल. अजून एक चौकशी करा: सोसायटीचं रंगकाम किंवा प्लास्टरचं काम निघणार आहे का? मुंबईत ही कामं पाऊस संपला की सुरू होतात. परांची बांधून हिरवी जाळी लागली की ग्रिलमध्ये ना ऊन येतं ना वारा, वर सिमेंटची धूळ. ज्या घरी हे होणार असतं तिथे मी त्या मोसमात नवीन काही लावत नाही.

आता काय टाकायचं, काय ठेवायचं.

गुलाबाच्या काडीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली खरवडत जा. बऱ्याचदा वरची वीतभर काडी मेलेली असते आणि खालचा भाग उत्तम असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस नक्की थांबल्यावर, हिरव्या भागातल्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप द्या आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. कलमाच्या गाठीखालून फुटलेल्या फांद्या मात्र मुळापासून काढा, त्या जंगली खुंटाच्या असतात. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं येतात, म्हणजे डिसेंबरात. नवा गुलाब विकत आणून तो रुजायची वाट बघण्यापेक्षा हे लवकर होतं.

कढीपत्त्याला आता हात लावू नका. पिवळी पानं काढा, वरची माती उकरून सैल करा, मूठभर गांडूळखत घाला, बस. थंडीत तो मंदावतो, आता छाटलात तर महिनोन्महिने तसाच उभा राहील. त्याची छाटणी आणि कुंडीबदल फेब्रुवारीच्या अखेरीला.

तुळशीचा बुंधा लाकडासारखा झाला असेल आणि नखाखाली हिरवं नसेल तर जाऊ द्या. वाळलेल्या मंजिऱ्या चुरून बी काढा आणि भुरभुरवून वर अगदी पातळ माती टाका. कार्तिकात तुळशीच्या लग्नापर्यंत ते रोप बोटभरच असेल, तेव्हा घरात लग्न लावत असाल तर तेवढी एक तुळस विकत आणावी लागेल.

मातीकडे येते. इथे घाई केली की पुढचा सगळा मोसम त्याची भरपाई करण्यात जातो.

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कुंडीतून तो वाहून जाताना विरघळणारं सगळं खत घेऊन जातो, विशेषतः नत्र. मातीचे बारीक कण खाली बसून भोक बुजवतात. वरचा हिरवा थर शेवाळ्याचा, तो फारसा घातक नाही, पण त्याच्याखाली हवा जात नाहीये हे तो सांगतो. म्हणून माती फेकू नका. चांगली माती चौथ्या मजल्यावर चढवणं सोपं नाही, आणि नर्सरीतली लाल माती वाळली की वीट होते.

मेलेल्या झाडाची कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा आणि मुळं बघा. चांगलं मूळ पांढरट आणि ताठ असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो, वासही आंबूस येतो. अशा कुंडीतली माती वेगळी ठेवा. बाकीची फोडून जुन्या वर्तमानपत्रावर किंवा प्लास्टिकवर पातळ पसरा. पसरताना खालच्या थरात साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या-पिवळसर अंड्यांचा पुंजका सापडेल, ती गोगलगाईंची. त्या पावसाळ्यात पाइपावरून वरच्या मजल्यांपर्यंत चढतात. अंडी वेचून काढा, नाहीतर नोव्हेंबरात मेथीची पानं रातोरात गायब होतील. सगळे ज्या ऑक्टोबरच्या उन्हाला शिव्या देतात ते इथे कामाला येतं: चार-पाच दिवसांत माती खडखडीत वाळते, किडी बऱ्याच मरतात, ढेकळं हाताने फुटतात. कुजलेल्या मुळांची माती याच्या दुप्पट दिवस वाळवा, आणि तरी तिच्यात टोमॅटो लावू नका, झेंडू लावा.

मग मिश्रण. दोन घमेली जुनी माती, एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, अर्धं घमेलं भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत ताजं असेल, वास येत असेल, हाताला गरम लागत असेल तर घेऊ नका, मुळं जळतात. मिश्रण भरून, भोकावर खापराचा तुकडा ठेवून कुंड्या आठवडाभर तशाच ओल्या ठेवा. त्या आठवड्यात जे तण उगवेल ते उपटून टाका. दसऱ्याचं काम एवढंच. रिकाम्या कुंड्यांना झेंडूचं फूल वाहिलंत तरी हरकत नाही, आमच्याकडे त्या दिवशी कात्री, खुरपी आणि झारीची पूजा होते.

आता मुंबईच्या हवेविषयी एक गोष्ट, जी नवे लोक हमखास विसरतात. आपल्याकडे थंडीत दिवस फारसे थंड होत नाहीत, रात्री होतात. नोव्हेंबरची दुपारही तेहतीस-चौतीस अंशांची असू शकते, पण रात्रीचं तापमान ऑक्टोबरच्या चोवीसेक अंशांवरून डिसेंबर-जानेवारीत सतरा-अठरापर्यंत उतरतं. टोमॅटोचं फळ रात्रीवर अवलंबून असतं. रात्र गरम असली की परागकण नीट तयार होत नाहीत, फुलं येतात आणि देठापासून गळतात. म्हणून दसऱ्याला फुलावर आलेलं टोमॅटोचं रोप विकत आणणारा माणूस दिवाळीत मला गळलेल्या फुलांचे फोटो पाठवतो. दसऱ्यानंतर आठवड्याने टोमॅटोचं बी ट्रेमध्ये पेरा. महिनाभरात रोप चार-सहा पानांचं होईल, तोवर रात्री उतरायला लागतील. तेव्हा बारा इंची कुंडीत एकच रोप लावा. एका कुंडीत दोन लावायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा.

मेथी, मुळा आणि लाल माठ आत्ताच, आठवडाभर मुरलेल्या मातीत थेट पेरता येतील. मेथी रात्रभर भिजवून पेरली की तीन-चार दिवसांत वर येते, चार आठवड्यांत कापायला होते. तेवढाही धीर नसेल तर समुद्र मेथी करून बघा. बाजारात ती इवलीशी, मुळांना वाळू लागलेली जुडी मिळते ना, ती मेथीच, वाळूत दाट पेरून दोन-चार पानांवर उपटलेली. उथळ ट्रे आणि धुतलेली वाळू पुरते, खताची गरज जवळजवळ नाही. कोथिंबीर आणि पालक मात्र नोव्हेंबरात घ्या. गरमीत धणे उगवायला रडतात, आणि उगवले तरी पानं धरायच्या आधी फुलावर जातात.

झेंडूसाठी तोरणातली फुलं वाळवून पेरतात. त्यातलं काही बी पोकळ निघतं, काही उगवतं, आणि संकरित जातीचं असेल तर फूल आईसारखं येत नाही. मला ते चालतं, तुम्हाला एकसारखी फुलं हवी असतील तर बियांचं पाकीट घ्या. दोन महिन्यांत फुलेल, दिवाळीला नाही.

शेवंतीची मजा वेगळी आहे. तिला कळ्या थंडीमुळे कमी आणि रात्र लांबल्यामुळे जास्त येतात. नर्सरीत या दिवसांत कळ्यांनी भरलेली झाडं दिसतात त्याचं हेच कारण. आता एक बघा: तुमच्या ग्रिलबाहेर रस्त्यावरचा दिवा आहे का? किंवा हॉलची ट्यूबलाइट रात्री बारापर्यंत थेट कुंडीवर पडते का? तसं असेल तर शेवंतीच्या लेखी रात्र लांबतच नाही. हिरवीगार राहते, कळी धरत नाही, आणि माणूस खत घालत बसतो. तिला आत बेडरूमच्या खिडकीशी, संध्याकाळनंतर अंधार असेल अशा जागी हलवा. फुलं संपली की झाड टाकू नका, चार बोटं ठेवून कापा, बुंध्याशी फुटवे येतात, तेच पुढच्या वर्षीचं रोप.

नवरात्रातल्या घटाविषयीही तुम्ही जाता जाता विचारलंय, की त्याचं धान पिवळं का आणि ते कुंडीत लावता येईल का. घटाभोवती उगवलेलं धान पिवळं असतं कारण देवघरात उजेड नसतो, त्यात रोगबिग काही नाही. ते कुंडीत लावून काही होणार नाही. पण नवव्या दिवसापर्यंत ते केवढं वाढतं ते बघा: या दिवसांत माती कोमट आणि ओल भरपूर, बी उगवायला हवा उत्तमच असते. बी चालतं आणि मोठं रोप चालत नाही, ते यामुळे. बी उगवतं तेच या उन्हात. नर्सरीतलं रोप मात्र जाळीखालच्या सावलीतून थेट तुमच्या दक्षिणेच्या ग्रिलमध्ये येतं आणि पानांवर पांढुरके भाजल्याचे डाग पडतात. पावसाळा काढलेल्या तुमच्या जुन्या झाडांचंही तसंच. पहिले दहा-बारा दिवस दुपारी बारा ते तीन जुनी ओढणी किंवा हिरवी जाळी बांधा.

म्हणजे क्रम असा धरा: आधी उन्हाचे फोटो आणि खरवडून पाहणं, दसऱ्याच्या आसपास माती, आठवड्याने पालेभाजीचं आणि टोमॅटोचं बी, ऑक्टोबरच्या मध्यावर गुलाबाची छाटणी, आणि विकतची रोपं रात्री अंगावर चादर लागायला लागली की. तीही वीस एकदम आणू नका, सहा-सात आणा. दिवाळीच्या आठवड्यात नर्सरीत जाऊ नका, तेव्हा गिऱ्हाईक भेट द्यायला फुललेली कुंडी शोधत असतं आणि माल तसाच येतो, दिसायला भरगच्च. पाकळ्या मोजू नका, पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावतायत का ते बघा. आणलेल्या रोपाचा चिकणमातीचा गोळा दहा मिनिटं पाण्यात बुडवून कडेने सैल करा, मगच लावा. नाहीतर तुमच्या भुसभुशीत मातीतून पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो.

पाण्याचं एक राहिलं. चार महिने झारीला हात लागलेला नसतो, आणि पाऊस थांबल्यावर पहिल्याच आठवड्यात झाडं पाण्यावाचून जातात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर सकाळी आठच्या आत घाला. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि खाली ओलं असतं, म्हणून नुसतं बघून घालू नका. खाली ताटल्या ठेवा, तिसऱ्या मजल्यावरचे कपडे वाळत असतात. आणि ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत परतीचा एखादा पाऊस संध्याकाळी गडगडत येऊ शकतो. बियांचे ट्रे ग्रिलच्या बाहेरच्या कडेला ठेवू नका, आत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. दहा मिनिटांचा तो सडाका उगवलेलं सगळं ट्रेच्या एका कोपऱ्यात गोळा करून ठेवतो.